घरात मोबाईल कुठल्या कामाला ठेवलाय?

मागच्या अंकात शेवटी सहज लिहिलं होतं की मुलं आणि मोबाईल यावर काही विचारायचं असेल तर कळवा. तर या महिन्यात पत्रं, ईमेल, व्हॉट्सअप सगळं मिळून इतकं आलंय की सगळ्यांना उत्तर देणं शक्यच नाही, सात निवडलीत, नावं काढून टाकलीत आणि लांबलचक होती ती थोडी कापलीत, रागवू नका.

वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत होती. जवळजवळ प्रत्येकाचा प्रश्न हाच की "मोबाईल कसा सोडवू". पण अहो त्या मोबाईलला आपणच कुठल्यातरी कामाला लावलेलं असतं ना, पोराला भरवायला, पाहुणे आले की गप्प बसवायला, आपली भाकरी थापून होईपर्यंत एका जागी धरून ठेवायला. कामवाल्या मावशी आठ दिवस गावाला जाणार म्हटलं की आपण पहिलं काय बघतो, भांडी कोण घासणार. मोबाईलचं मात्र तसं होत नाही, तो एकदम बंद करतो आणि त्याचं काम कोणी करायचं ते ठरवतच नाही, मग चौथ्या दिवशी तो पुन्हा हजर. तर हे डोक्यात ठेवून वाचा.

प्रश्न : मुलगा अडीच वर्षांचा आहे. मोबाईलवर गाणी लावल्याशिवाय तोंडच उघडत नाही, एकेका जेवणाला पाऊण तास लागतो. मी दुकान सांभाळते. सासूबाई म्हणतात बघू दे गं, पोटात तर जातंय. शेजारच्या काकू म्हणतात बोलायला उशीर होईल. खूप गिल्टी वाटतं. (इचलकरंजी)

आधी ते गिल्टी वगैरे बाजूला ठेव बाई. मी स्वतः माझ्या मुलीला असंच भरवलंय. एका गाण्यात हत्ती नाचायचा, तो आला की ही आ करायची आणि मी चमचा आत सारायची. एक दिवस नेट गेलं आणि तिने ताटातली भेंडी उचलून विचारलं, आई हे काय? महिनाभर खात होती ती भेंडी!

म्हणजे पोटात जातंय हे सासूबाईंचं खरंच आहे, पण आपण काय खातोय, पोट भरलं की नाही, याकडे त्याचं लक्षच नसतं, तोंड नुसतं आपोआप उघडतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांची होईपर्यंत स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात जास्तीत जास्त एक तास, तोही कमी तेवढा बरा. आपल्याकडची बालरोगतज्ज्ञांची संघटना पण हेच म्हणते. तुझ्याकडे तीन जेवणांचे पाऊण पाऊण तास धरले तर सव्वादोन तास नुसत्या जेवणातच गेले, बाकीचं अजून धरलंच नाहीये.

आता करायचं काय. तिन्ही जेवणांना एकदम बंद करू नकोस, टिकणार नाही. संध्याकाळच्या खाण्यापासून सुरुवात कर कारण तेव्हा नाही खाल्लं तरी रात्रीचं जेवण आहेच. खाली सतरंजीवर बसव, ताट त्याच्यासमोर, आणि त्याला हाताने उचलता येईल असं दे, उकडलेला बटाटा, केळ्याचे तुकडे, मऊ इडली, थालीपीठाचा तुकडा. सांडणार आहे, केसाला लावणार आहे, खाली जुनं बेडशीट टाक. अर्ध्या तासात जेवढं खाईल तेवढं, मग ताट उचल, आणि "बरं दोन घास तरी" म्हणत मागे पळायचं नाही. आणि हो, त्याआधी तासभर दूध बिस्किट बंद, पोट बिस्किटाने भरलेलं असेल तर कुठलंही पोर जेवणार नाही. पहिले चार पाच दिवस रडारड होईल. त्या दिवसांत सासूबाईंना आधीच सांगून ठेव की आठवडाभर कळ काढा, आणि भरवायचं काम त्यांनाच दे. मोबाईलच्या जागी त्या, चिऊचा घास काऊचा घास करत. मला वाटतं त्यांनाही आवडेल.

बोलण्याबद्दल, मोबाईलने बोलणं थांबतं असं सरळ नाहीये, पण जेवताना आपण जी बडबड करतो, गरम आहे, फू कर, संपलं, अजून हवं, ती सगळी बडबड गाण्यांच्या आवाजात जाते आणि त्यातूनच तर मूल शब्द उचलतं. मात्र अडीच वर्षांचा होऊनही "आई ये", "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नसेल तर शेजारणीच्या बोलण्यावर राहू नकोस, डॉक्टरांना दाखव आणि कान पण तपासून घे. वजन कमी भरत असेल तर वर सांगितलेलं सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचार.

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. माझ्या मोबाईलवरून गेममध्ये २४०० रुपये घालवले, दोन महिन्यात थोडे थोडे करून. बँकेचे मेसेज तो डिलीट करायचा. मी खूप मारला त्याला. आता तो बोलत नाही माझ्याशी. गेमवर तर बंदी आली ना मग हे कसं चालतं? (बार्शी)

दादा, मारायला नको होतं हे तुम्हालाही कळलंय म्हणूनच लिहिलंत, त्यावर मी जास्त बोलत नाही.

आधी बंदीचं सांगते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा केला तो पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाईन गेमसाठी. गेममधल्या माणसाला कपडे घ्यायचे, बंदुकीला रंग घ्यायचा, डायमंड घ्यायचे, ही नुसती खरेदी, ती त्यात येत नाही. म्हणून ७९ रुपये, १५९ रुपये असे आकडे चालूच आहेत आणि ते आकडे मुद्दाम असेच असतात की लहान वाटावेत.

पैसे गेले कसे ते शांतपणे त्याच्याकडूनच समजून घ्या. बहुतेक वेळा पोरांना पिन माहीत असतो कारण आपण किराणा दुकानात त्यांच्या डोळ्यांसमोरच टाकतो, चार आकडे पाठ व्हायला काय लागतं. किंवा युपीआय लाईट चालू असतं, त्यात छोट्या पेमेंटला पिन लागतच नाही. तर आज रात्री बसून एवढं करा. पिन बदला. युपीआय लाईट बंद करा किंवा त्यात शंभर रुपयेच ठेवा. पेमेंट ॲपमध्ये आपोआप पैसे कापणारा ऑटोपे नावाचा भाग असतो तिथे काही चालू आहे का बघा, असेल तर रद्द करा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करा आणि तिथे कार्ड सेव्ह केलेलं असेल तर काढून टाका. प्ले स्टोअरवर चुकून झालेल्या खरेदीचे पैसे मागता येतात पण ४८ तासांच्या आत, म्हणजे मागचं गेलं, फारतर शेवटच्या एकदोन खरेद्यांचं बघा. आणि मोबाईल त्याच्या हातात द्यायचाच असेल तर गुगलचं फॅमिली लिंक आहे, फुकट आहे, त्यात त्याचं वेगळं खातं काढून वेळ ठरवता येते आणि नवीन ॲप टाकायला तुमची परवानगी लागते. एक अजून विचारा, त्याने कोणाकडून आयडी विकत घेतला का, किंवा कोणाला पासवर्ड दिला का. या वयाची पोरं गेमचे आयडी आपापसात विकतात आणि त्यात अनोळखी माणसं घुसतात. तसं काही निघालं तर १९३० ला फोन करा, सायबर फसवणुकीसाठी आहे तो नंबर.

आता त्याच्याशी बोलायचं कसं. माझं मत सांगते, पटलं तर घ्या. २४०० चे दोन भाग करा. १२०० तुमचे, कारण पिन उघडा ठेवला तो तुम्ही. १२०० त्याचे. खाऊच्या पैशातून आठवड्याला ५० म्हणजे २४ आठवडे. कॅलेंडरवर मागे जिथे दुधाचा हिशोब लिहिता तिथेच त्याने स्वतः लिहायचं, ५० जमा, बाकी ११५०. पाहुण्यांसमोर, मामासमोर, शिक्षकांसमोर हा विषय काढायचा नाही, "आमचा चोर" असं गमतीतसुद्धा नाही. मारल्याबद्दल त्याला सॉरी म्हणा. बापाने सॉरी म्हटलं तर धाक जातो असं वाटतं लोकांना, माझ्या पाहण्यात तरी कोणाचा गेला नाहीये.

आणि तो गेम त्याच्यासाठी काय काम करत होता तेही बघा. संध्याकाळी पाच ते आठ घरात कोण असतं? मित्र कुठे भेटतात त्याला? बऱ्याच पोरांचे मित्र हल्ली गेममध्येच भेटतात कारण बाहेर मैदानात गाड्या लागलेल्या असतात.

प्रश्न : सांगली जिल्ह्यातल्या एका गावात रोज संध्याकाळी भोंगा वाजतो आणि सगळे मोबाईल बंद करतात असं वाचलं. आमच्या सोसायटीत पण असं करावं का? मी सेक्रेटरी आहे. (ठाणे)

ते गाव मोहित्यांचे वडगाव. कडेगाव तालुक्यात. १५ ऑगस्ट २०२२ पासून सुरू केलं त्यांनी, संध्याकाळी ७ ला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत मोबाईल बंद, टीव्ही पण बंद. लोक बातमी वाचताना तो टीव्ही विसरतात. भोंगा वाजवणं सोपं आहे हो, अवघड काय होतं तर सातच्या मालिका बंद करणं, आणि ते मोठ्यांनी केलं म्हणून मुलांनी केलं. सुरुवातीला लोक घरोघरी जाऊन सांगत होते, नुसता भोंगा लावून मोकळे झाले नाहीत.

तुमच्या सोसायटीत सातला निम्मे लोक अजून लोकलमध्ये लटकत असतील. मग सातचा भोंगा कोणासाठी, घरात एकट्या असलेल्या पोरांसाठी आणि आजीसाठी? आजीची मालिका बंद आणि बाबा साडेनऊला येऊन जेवता जेवता रील बघणार, हे दोन दिवस चालेल. त्यापेक्षा साडेनऊ ते सव्वादहा असं काहीतरी, सगळे घरी असतात तेव्हा. आणि भोंगा नको, वरच्या मजल्यावरचं तान्हं बाळ उठेल आणि पुढच्या मीटिंगला त्याचे आईबाप तुमच्यावर चालून येतील. सोसायटीच्या ग्रुपवर पाणी येणार नाही वगैरे मेसेज पण त्या वेळात टाकू नका म्हणजे झालं, सुरुवात सेक्रेटरीपासून.

प्रश्न : ताई मी आठवीत आहे. आई माझे फोटो मला न विचारता स्टेटसला टाकते, झोपलेला पण टाकला होता, वर्गातल्या मुलीच्या आईने बघितला आणि सगळ्या वर्गात गेला. नको म्हटलं तर म्हणते एवढं काय त्यात. आणि पप्पा माझा फोन कधीपण उघडून बघतात. मग माझी प्रायव्हसी नाही का? (गाव लिहिलेलं नाही)

तुझं बरोबर आहे. हा अंक तुझ्या आईपर्यंत गेला तर बरं होईल म्हणून पुढचं तिला लिहिते.

ताई, स्टेटस चोवीस तासांनी जातं हे खरं, पण स्क्रीनशॉट जात नाही. आणि तेरा चौदाव्या वर्षी झोपेत तोंड उघडं पडलेला फोटो वर्गात फिरणं म्हणजे काय ते आठवून बघा, आपल्या वेळी नुसतं नाव पाडलं होतं तरी शाळेत जावंसं वाटायचं नाही. टाकायच्या आधी तिला दाखवा, ती हो म्हणाली तर टाका. शाळेचा बॅज, गणवेश, घराचा पत्ता दिसेल असा तर तिने हो म्हटलं तरी नको. तिने ज्या आधीच्या फोटोंवर बोट ठेवलं ते काढून टाका, का म्हणून विचारू नका.

आता परत तुला. पप्पा फोन बघतात त्यावर मी पूर्ण तुझ्या बाजूने नाहीये हं. तुझ्या वयात फोन हा घरातला फोन आहे जो तुला वापरायला दिलाय, असं मी धरते. पण चोरून बघणं आणि सांगून बघणं यात फरक आहे. तू पप्पांना म्हण की रविवारी माझ्यासमोर बसून बघा, मैत्रिणींचे चॅट वाचायचे नाहीत, नवीन कोण ॲड झालंय, कुठलं ॲप टाकलंय ते बघा. पासवर्ड त्यांना माहीत असू दे, मधेच उघडायचा नाही एवढं त्यांनी कबूल करायचं. आणि एका गोष्टीत तुला सूट नाही. कोणी ओळखीचं असो नसो, फोटो मागितला, भेटायला बोलावलं, किंवा "कोणाला सांगू नको" म्हणालं तर त्याच दिवशी घरात सांगायचं. तुझी चूक झालेली असली तरी, फोटो पाठवून झालेला असला तरी. घरात सांगायची अगदीच भीती वाटली तर १०९८ ला फोन कर, मुलांसाठीच आहे तो, रात्री पण लागतो.

तुला एक सांगते, ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टासारखं अकाऊंट ठेवता येत नाही. तिथे तू असतीस तर प्रायव्हसीचा प्रश्नच आला नसता, अकाऊंटच नसतं! पप्पांना हे वाचून दाखवू नकोस.

प्रश्न : घरात फोन एकच, तो मिस्टरांकडे, ते दुधाच्या टेम्पोवर असतात, रात्री ९ ला येतात. तिन्ही मुलांचा अभ्यास ग्रुपवर येतो, पीडीएफ आणि व्हिडिओ. मुलं दहा साडेदहापर्यंत फोनवर बघून लिहितात, डोळे चोळत. नेट पण संपतं. दुसरा फोन घ्यावा का हप्त्याने? (पंढरपूर तालुका)

सगळ्या पत्रांत हे पत्र मी दोनदा वाचलं. बाकी सगळे मोबाईल कमी कसा करू विचारतायत आणि इथे शाळाच रात्री साडेदहाला मोबाईल हातात देतेय.

नका घेऊ हप्त्याने, निदान याच्यासाठी तरी नको. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ग्रुपवर अभ्यास पाठवणं समजण्यासारखं होतं, दुसरा इलाज नव्हता. आता मूल रोज वर्गात जाऊन बसतंय, फळा आहे, वही आहे, मग अभ्यास वर्गातच लिहून द्यायला काय हरकत आहे? तुम्ही एकट्या बोलायला जाल तर "बाकी कोणाची तक्रार नाही" असं ऐकायला मिळेल, म्हणून चार पाच आया मिळून जा, तुमच्यासारखी घरं वर्गात अजून असणारच. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समिती असते, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात पाऊण सदस्य पालकच असावे लागतात आणि निम्म्या बायका. त्या समितीच्या बैठकीत हा विषय लिहून द्या. भांडायचं नाही, एवढंच म्हणायचं की अभ्यास शाळा सुटायच्या आधी वहीत लिहून द्या, ग्रुपवर फक्त सूचना टाका. मास्तरांना पण रात्री टाईप करत बसायला आवडत नसेल हो, त्यांनाही वरून फोटो पाठवा, लिंक भरा असं चालूच असतं.

तोपर्यंत नेट वाचवायला व्हॉट्सअपच्या सेटिंगमध्ये ऑटो डाउनलोड बंद करा, निम्मा डेटा गुड मॉर्निंगच्या फोटोंनीच जातो. आणि बालभारतीची पुस्तकं साईटवरून फुकट डाउनलोड होतात, कुठे वायफाय मिळालं की एकदाच घेऊन ठेवा म्हणजे पुस्तकातल्याच पानाचा फोटो ग्रुपवर आला तर तो उघडत बसायला नको. तिथेच 'किशोर' मासिकाचे जुने अंक पण आहेत, १९७१ पासूनचे, हे अभ्यासासाठी नाही सांगत, असंच.

प्रश्न : मुलीला चष्मा लागला, चौथीत आहे. दुकानदार ब्लू लाईटवाली काच घ्या म्हणतो, १२०० जास्त. घेऊ का? (नागपूर)

नको. २०२३ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने १७ चाचण्या एकत्र करून बघितल्या, स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणाऱ्या त्या काचेने डोळ्यांचा थकवा कमी होतो असं काही दिसलं नाही. नंबर भराभर वाढू नये म्हणून जे सांगतात ते फुकट आहे, दिवसाउजेडी बाहेर खेळणं. तैवानने २०१० पासून शाळांमधून मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायला सुरुवात केली ती याचसाठी. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी बाहेर काढा असं मी म्हणणार नाही, सकाळी साडेसहा ते साडेआठ चालेल. १२०० रुपयात बॅडमिंटनच्या दोन रॅकेट आणि शटलचा डबा येईल.

प्रश्न : तुम्ही सगळं मुलांचंच लिहिता. आमच्याकडे नातवंडं शहाणी आहेत. आमचे हे, वय ७२, पहाटे पाचला उठून मोठ्याने रील लावतात. माझी पूजा चालू असते आणि आतून कोणीतरी बाई हसत असते. काय करू? (कराड)

काकू, हसून हसून वाईट वाटलं.

हे काम कोणाचं होतं ते आठवा बरं. रिटायर व्हायच्या आधी पाचला उठून काका काय करायचे? आंघोळ, डबा, गाडी पकडणं. आता जाग तेव्हाच येते आणि जायचं कुठेच नाही. त्यांना फिरायला घेऊन जाणारं कोणीतरी शोधा, नदीकडे, प्रीतिसंगमावर त्यांच्याच वयाचे दहा जण सकाळी सापडतील. तोपर्यंत नातीला सांगून हेडफोन लावायला शिकवा, तुम्ही सांगितलं तर ऐकणार नाहीत, नातीने सांगितलं तर ऐकतील.

आणि हसण्यावारी नेऊ नका अशी एक गोष्ट. काकांना व्हिडिओ कॉल करून कोणी पोलीस म्हणून बोललं, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, घरातल्यांना सांगू नका म्हणालं, तर फोन कट करून तुम्हाला हाक मारायची. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. हे आणि १९३० नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून चार्जिंगच्या बोर्डाजवळ चिकटवा, पाचला उठल्यावर काका पहिले तिथेच जातात ना.